सुरीच्या मुठीच्या पिना: पुण्यात काय मिळतं आणि काय टिकतं

मुठीचं लाकूड पात्याला धरून ठेवणारी पिन पितळी लावू की स्टीलची, असं घरी सुऱ्या बनवणारा प्रत्येक जण विचारतो. एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा मी बनवलेल्या सुऱ्या स्वयंपाकघरात वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: धातू नंतर, जाडी आधी. सळई विकत घ्या, व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजा आणि मगच तिच्या मापाचं ड्रिल बिट आणा. दुकानात ‘तीन एमएम’ म्हणून मिळालेली सळई नेमकी तीन असेलच असं नाही. पिन भोकात हाताने दाबून सरकली पाहिजे आणि भोवती अराल्डाइटला केसभर जागा उरली पाहिजे. ढिली बसली तर गोंदाची काळपट कड कायमची दिसते. घट्ट बसली तर ठोकताना मुठीचं शिसम तडकतं. गाडीच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पोलादाचं पातं असेल तर भोकं पाणी देण्याआधीच, म्हणजे पातं तापवून-बुडवून कडक करण्याआधीच पाडायची, त्यामुळे माप तेव्हाच ठरलेलं हवं.

पितळ मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतलं. रॉड वजनावर मिळतो. पाच एमएम जाडीचा एक मीटर साधारण १६५ ग्रॅम भरतो, आणि एका सुरीला लागतात जेमतेम दोन-तीन इंच. अख्खी लांबी घ्यायला लावतात, पण “काका, तुकडा असेल तर द्या” म्हटलं की बहुतेक वेळा कोपऱ्यातून एखादा निघतोच. कापायला सोपं, कानशीला गोड, शिसमावर दिसायला देखणं. मात्र रोजच्या स्वयंपाकात लिंबू, कोकम, चिंच लागून पितळ पटकन काळवंडतं आणि पावसाळ्यात कडेला हिरवट छटा येते. चिंच-मिठानेच घासलं की परत लखलखतं, पण दर आठवड्याला कोण घासणार? शिवाय बाजारातला सहज कापला जाणारा पितळी रॉड बहुतेकदा शिसं मिसळलेला असतो. म्हणून भाजीच्या सुरीला मी आता पितळ लावत नाही. बागेतल्या किंवा ट्रेकच्या सुरीला बिनधास्त लावतो.

स्वयंपाकघरासाठी सर्वात चांगली निघाली ती वेल्डिंगच्या दुकानातली टिग फिलर सळई. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या जोडकामात वितळवून भरायला वापरतात ती ‘३०८ एल’. मीटरभर लांब, सरळ, १.६, २.४ आणि ३.२ एमएममध्ये मिळते आणि माप नेमकं असतं. इतक्या महिन्यांत तिच्यावर एक डागही नाही. ३.२ च्या सळईला १/८ इंचाचं बिट चालेल असं वाटतं, पण ते ३.१७५ एमएमचं असतं, तेव्हा ३.३ चं बिट घ्या. कापताना आणि घासताना स्टील चिवट लागतं, घाई करून भागत नाही. मशीनच्या घासपट्ट्यावर दाबून घासलं की पिन तापते, आतला गोंद मऊ होतो आणि पिन हलायला लागते. थोडं घासायचं, बोट लावून बघायचं, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं.

त्याच दुकानात तांब्यासारखी चमकणारी सळईही दिसते. ती तांब्याची नसते. साध्या लोखंडावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. मूठ घासली की मुलामा जातो आणि पहिल्या पावसात पिनेभोवती लाकडात गंजाचा तपकिरी डाग उतरतो. खिशात लोहचुंबक ठेवा, काउंटरवरच कळेल.

खरं तांबं हवं असेल तर मी आधी तांबट आळीकडे बघत होतो, पण तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवणं, मुख्यतः पत्र्याचं, भांड्यांचं. सोपा रस्ता तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सापडला: अर्थिंगची उघडी तार. ८ गेज म्हणजे ४.०६ एमएम, १० गेज म्हणजे ३.२५. वेटोळं असतं, म्हणून एक टोक वाइसमध्ये आणि दुसरं ड्रिलच्या चकमध्ये धरून ताण देत हळूहळू पिळायची. तार सुतासारखी सरळ होते आणि पिळाने थोडी कडकही. तांबं मऊ, त्यामुळे दोन्ही टोकं हातोडीने हलकी फुलवून रिव्हेटसारखी पक्की बसवता येतात. चिंचेच्या लाकडावर याचा रंग मला पितळापेक्षाही आवडतो. काळपटपणा मात्र पितळाइतकाच येतो.

ऋतूचा परिणाम तिन्ही धातूंवर सारखा. एप्रिल-मे मध्ये लाकूड सुकून आकसतं आणि पिनेचं डोकं अंगठ्याला टोचल्यासारखं लागतं. जुलैत तेच लाकूड फुगून पिन जराशी आत गेल्यासारखी वाटते. पावसाळ्यात मूठ घासून सपाट केली तर उन्हाळ्यात पिन वर येणारच. आता शेवटची घासणी मी मे महिन्यातच करतो, वर जवसाच्या तेलाचे दोन हात. सागवानात हा फरक सर्वात कमी जाणवला.

टिगची सळई बहुतेक दुकानं अख्ख्या पुड्यातच विकतात, आणि तेवढी एका माणसाला आयुष्यभर पुरेल. ओळखीतला वेल्डर असेल तर त्याच्याकडून चार काड्या मागून घ्या, ३.२ ची नसेल तर २.४ च्या दोन-दोन पिना जवळजवळ लावल्या तरी मूठ तितकीच मजबूत राहते.