तुर्कीचे प्रत्यय आणि आठ महिन्यांचं अ‍ॅप

ठाणे ते दादर, रोज लोकलमध्ये अर्धा तास, असं आठ महिने हे तुर्की शिकवणारं अ‍ॅप वापरलं. वर्षाची वर्गणी आधीच भरलेली, त्यामुळे नेटाने वापरलं.

आधी चांगलं सांगते: उच्चार. 'गेल्मेदिम' म्हणजे आले नाही, 'गेलेमेदिम' म्हणजे येऊ शकले नाही. फरक एवढ्याशा 'ए'चा. तो कानाला कळायला दोन महिने गेले, पण आवाज स्वच्छ आहे आणि हवा तितका हळू करून ऐकता येतो.

प्रत्ययांच्या बाबतीत मात्र आनंद आहे. वाक्यं घोकून घेतात, सुटी करून दाखवत नाहीत. घरं म्हणजे 'एवलेर', मग शाळा 'ओकुल्लार' का? शब्दातल्या शेवटच्या स्वराकडे बघायचं. ए, इ किंवा तेच ओठ गोल करून म्हटलेले स्वर असतील तर 'लेर'. आ, ओ, उ किंवा तो बिनटिंबाचा आय असेल तर 'लार'. झालं! हे मला तिसऱ्या महिन्यात, वहीत शब्द मांडत बसल्यावर कळलं.

त्यात सगळं इंग्रजीतून. 'एवदेकिलेरे' इंग्रजीत सांगायला अर्धं वाक्य लागतं. मराठीत बघा: एव घर, दे आत, की म्हणजे आपला 'ला' (घरातला), लेर अनेकवचन, शेवटचा ए म्हणजे 'ना'. घरातल्यांना! शिवाय आपल्या घोडा-घोड्याला सारखं सामान्यरूप नाही, मूळ शब्द बहुतेकदा जागचा हलत नाही. ('किताप'चं 'किताबी' होतं, तेवढं चालवून घ्यायचं.) तो, ती, ते सगळ्यांना एकच 'ओ'.

खरा राग 'मिश'चा आला. 'गेल्दी' आणि 'गेल्मिश', दोन्हींचा अर्थ अ‍ॅप 'तो आला' असाच देतं आणि वर माझं उत्तर चूक ठरवतं. गेल्दी म्हणजे आला, खात्रीने. गेल्मिश म्हणजे 'आलाय म्हणे'. सकाळी ओला रस्ता बघून 'रात्री पाऊस पडलेला दिसतोय' म्हणतो, तिथेही हाच मिश. मराठी माणसाला हे एका मिनिटात समजतं.

ऐकण्यासाठी पाचपैकी चार, व्याकरणासाठी दीड. वर्गणी पुन्हा भरणार नाही.