स्पॅगेटीचा सॉस: मंडईतून, डब्यातून की बाटलीतून?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीचा परवा सकाळी फोन आला. "मावशी, पोरांनी स्पॅगेटीचा हट्ट धरलाय. सॉसची बाटली आणू का घरीच करू? घरचं स्वस्त पडतं ना?" मी उलट विचारलं, "टोमॅटो काय भावानं आणलेस?" तिला वाटलं, मावशीनं विषय बदलला. पण विषय तोच होता.

घरचा तो चांगला आणि बाटलीतला तो वाईट, असं एकदा ठरवून मोकळं होता येत नाही. सोलापुरात तर नाहीच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली असते, तेव्हा लक्ष्मी मंडईतून येताना दोन किलो टोमॅटो घेतले तरी पर्सला कळत नाही. पावसाळा सुरू झाला की तीच मंडई आणि तेच टोमॅटो, पण हात आखडतो. 2023 च्या जुलैत तर देशभर भाव शंभरी ओलांडून काही ठिकाणी दोनशेपर्यंत गेला होता. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही, आणि ती तूट आपल्याला पुढच्या दीड-दोन महिन्यांत मंडईत दिसते. म्हणून आधी कॅलेंडर बघा, मग पातेलं काढा.

मंडईतले टोमॅटो

आपल्याकडचा टोमॅटो सॉससाठी पिकवलेला नसतो, भाजीसाठी आणि ट्रकमध्ये टिकण्यासाठी पिकवलेला असतो. इटलीत सॉसला जे वापरतात, ते सान मार्झानो किंवा रोमा जातीचे लांबट टोमॅटो. त्यांच्यात गर जाड, बिया कमी, पाणी कमी. आपल्याकडचा गोल गावरान चवीला आंबट आणि रसाळ. सारासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही, पण सॉसला त्याचं पाणी आटवता आटवता जीव जातो. हायब्रीड लांबट टोमॅटो गराला बरा, पण तो अर्धा कच्चा तोडलेला असतो. म्हणून मी दोन्ही मिसळते: तीन भाग लांबट, एक भाग गावरान. आणि आणल्या दिवशी सॉस करत नाही. टोपलीत एकेरी पसरून दोन-तीन दिवस ठेवते. फ्रिजमध्ये मुळीच नाही, गारठ्यानं टोमॅटोचा वास मरतो. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या दिवशीच टोपलीकडे बघा, नाहीतर खालचा एक नासतो आणि शेजारच्या चौघांना घेऊन जातो.

सालं काढायची पुस्तकी पद्धत म्हणजे बुडाला फुली मारायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग गार पाण्यात. मी ते सोडून दिलंय. टोमॅटो आडवा कापायचा आणि कापलेली बाजू मोठ्या भोकाच्या किसणीवर घासायची. गर खाली पडतो, साल हातात राहते. सव्वा किलोला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आणि पसरट घ्या. हे मी पैसे भरून शिकले आहे. पहिल्यांदा मी हौसेनं लोखंडी कढईत सॉस केला आणि रात्रभर तसाच कढईत ठेवला. सकाळी रंग विटकरी-काळा आणि चव जिभेवर खिळा ठेवल्यासारखी. माझ्या धाकट्या मुलानं एक घास खाल्ला आणि थोरल्याला म्हणाला, "लई बेकार लागतंय बे." टोमॅटोचं आम्ल लोखंडाला खातं, तसंच जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यालाही खातं. कल्हई असलेलं पितळ चालेल, कल्हई उडालेलं नाही.

तेलाबद्दल लोक उगाच घाबरतात. ऑलिव्ह तेल असलं तर उत्तम, त्याची चव सॉसमध्ये राहते. नसलं तर आपलं करडईचं तेल घ्या. त्याला स्वतःचा वास कमी, त्यामुळे टोमॅटोच्या मध्ये येत नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलात सॉस होतो, पण मग ती स्पॅगेटी न राहता वेगळंच काहीतरी होतं. चांगलं होतं, पण वेगळं. तेल धुरापर्यंत तापवायचं नाही. आपला हात फोडणीला सवकलेला, मोहरी तडतडल्याशिवाय चैन पडत नाही. इथं लसूण कोमट तेलात टाकायचा आणि मंद आचेवर पांढराच ठेवायचा. तांबूस झाला की सॉस कडवट होतो, मग साखर घालून झाकाझाकी करत बसावं लागतं.

त्यानंतर किसलेला गर, मीठ, आणि झाकण न ठेवता चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कुकरची शिट्टी इथं उपयोगाची नाही, त्यात वाफ कोंडते आणि आपल्याला तर पाणी घालवायचंय. सुरुवातीला आवाज रटरट असतो. पाणी उडालं की तो जड होतो, मधूनच एखादा बुडबुडा फट्‌कन फुटतो आणि ओट्यावर ठिपका पडतो. उलथण्यानं बुडाशी रेघ ओढा. रेघ दोन क्षण तशीच राहिली, कडेला तेल दिसलं, की झालं. सव्वा किलोचा साधारण निम्मा राहतो, आणि चार माणसांच्या चारशे ग्रॅम स्पॅगेटीला तेवढा पुरतो. फार आंबट वाटला तर साखरेआधी एक गाजर किसून टाका.

सॉसमध्ये बेसिलची, म्हणजे तुळशीच्या एका विलायती बहिणीची, पानं घालतात; त्यासाठी मॉलमध्ये जायची गरज नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा हे त्याच कुळातल्या झाडाचं बी. कुंडीत पेरला की महिन्या-दीड महिन्यात पानं मिळतात. वास थोडा लवंगेकडे झुकतो, पण सॉसमध्ये छान लागतो. देवासमोरची तुळस वेगळी, तिची चव औषधी. ती घालू नका, आणि आजीनं बघितलं तर अजून वेगळाच कार्यक्रम होईल.

डबा आणि पाकीट

सोललेल्या इटालियन टोमॅटोचे 400 ग्रॅमचे डबे आता सोलापुरातही मोठ्या दुकानांत मिळतात. महाग असतात. पण ते टोमॅटो झाडावर पिकून डब्यात गेलेले असतात, त्यामुळे जुलैतल्या फिकट, महागड्या टोमॅटोपेक्षा हा डबा सरळ सरळ वरचढ. हे मान्य करायला मला वेळ लागला. डबा घ्यायचाच तर अख्ख्या टोमॅटोचा घ्या. फोडी केलेल्या डब्यात फोडी कडक राहाव्यात म्हणून बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्या शिजूनही विरघळत नाहीत.

प्युरीचं 200 ग्रॅमचं पाकीट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही असतं. तिला एक शिजलेला, बंद वास असतो, पण तो दहा मिनिटं तेलात परतल्यावर बराच जातो. नोकरीवरून सात वाजता येणाऱ्या बाईनं मला विचारलं तर मी हेच सांगेन: दोन पाकिटं प्युरी, वर तीन ताजे टोमॅटो किसून, लसूण भरपूर, वीस मिनिटं. शंभर टक्के घरचा नाही म्हणून कोणी पंगतीतून उठत नाही.

बाटली

इथं फार थांबण्यासारखं नाही. बाटलीच्या मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिल्या तीन-चारांत पाणी, साखर, स्टार्च दिसले तर तुम्ही टोमॅटोचे पैसे देऊन खळ विकत घेताय. यादी टोमॅटोनंच सुरू होत असेल आणि आखूड असेल तर अडीनडीला एक बाटली घरात असू द्या. केचप मात्र सॉसच्या जागी नको, त्यात साखर आणि व्हिनेगर.

पैशाचा हिशेब

टोमॅटो वीस रुपये किलो असताना चौघांचा घरचा सॉस तेल, लसूण धरून साठ-सत्तर रुपयांत होतो. मंद आचेवरच्या पाऊण तासाचा गॅस पाच रुपयांच्या आतबाहेर. तेच टोमॅटो शंभरावर गेले की आकडा दीडशे-पावणेदोनशेवर जातो, आणि चव खाली. प्युरीचं गणित वर्षभर जवळपास तेच राहतं, सव्वाशेच्या आत. इटालियन डबे दोन लागतात, बाटल्याही बहुतेक दोन, म्हणजे दोन्हीकडे तीनशेच्या पुढे. थोडक्यात टोमॅटो साठ-सत्तरच्या खाली असेपर्यंत मंडई, वर गेला की प्युरी, आणि पाहुण्यांसमोर टेचात करायचं असेल तर डबा.

जानेवारीत जास्तीचा करून ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण फ्रीझरमध्ये. दोन-तीन महिने नीट राहतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस. लोणच्यासारखा बरणीत भरून फडताळात ठेवू नका. मी एकदा ठेवला होता, आठव्या दिवशी रात्री झाकण टक्‌कन उडालं आणि मांजर आलं म्हणून घर जागं झालं. बुरशी डोळ्यांना दिसते ते एक बरं. टोमॅटोचं आम्ल काठावरचं असतं, आणि ते कमी पडलं तर बंद बरणीत बोटुलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा करणारा जिवाणू वाढू शकतो. तो ना वासाला कळतो ना रंगाला.

भाचीनं त्या दिवशी काय केलं? टोमॅटो ऐंशी रुपये होते, पाकीट आणायला कोणी मोकळं नव्हतं. तिनं स्पॅगेटी पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधी काढली, लसूण तेलात मऊ केला, स्पॅगेटीचं अर्धी वाटी पाणी त्यात ढवळलं, आणि वरून दोन चमचे शेंगा चटणी. लाल सॉस नव्हताच. संध्याकाळी पुन्हा फोन, या वेळी तिच्या थोरल्या पोराचा. चटणीचा डबा संपला, आजी पुढच्या वेळी कधी येणार?