क्लिनिकसाठी घेतलेला पूर्ण उंचीचा सांगाडा: कणा झकास, खांदा निकामी

मिरजेत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. पेशंटना समजावून सांगायला बरं म्हणून १७० सेंटिमीटर उंचीचा, चाकांच्या स्टँडवरचा प्लॅस्टिकचा सांगाडा घेतला. वाहतूक धरून साडेआठ हजार पडले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतले बहुतेक सांगाडे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात.

कण्याला मात्र पैकीच्या पैकी. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे मोजता येतात, खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. कणा बऱ्यापैकी वाकतो, त्यामुळे पुढे झुकल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पुढच्या बाजूने कशा दबतात ते समोर दिसतं. नसांची पिवळी टोकं बाहेर आलेली आहेत आणि एक सरकलेली गादी लाल रंगात दाखवलीय. "मॅडम, मणक्यात गॅप आलाय," म्हणत एमआरआयची पिशवी काखेत मारून येणाऱ्याला मी आधी इथंच उभं करते. गादी नसेला टेकलेली एकदा डोळ्यांनी दिसली की माझी निम्मी बडबड वाचते.

पण ती लाल गादी कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमध्ये आहे! माझ्याकडचे बहुतेक पेशंट चौथ्या-पाचव्याचे, नाहीतर पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या गादीचे. कळ कुल्ल्यातून पोटरीत, पावलात उतरते ती तिथून. त्यामुळे बोट एकीकडे ठेवायचं आणि बोलायचं दुसरीकडचं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचा असाच येतो, मॅडम."

आता खांदा. इथे पैसे वाया गेले असं मी स्पष्ट म्हणेन. हात पूर्ण वर नेताना साधारण १८० अंशांपैकी १२० अंश उखळीच्या सांध्यात होतात, उरलेले ६० अंश खांद्याचा फरा बरगड्यांवरून सरकतो म्हणून मिळतात. धडाच्या सांगाड्याशी फऱ्याचा हाडाचा दुवा फक्त गळपट्टीच्या हाडातून. बाकी सगळी मदार स्नायूंवर. या सांगाड्यात फरा बरगड्यांना स्क्रूने आवळलाय. हात वर उचलायला गेलं की अर्ध्यावर अडकतो, म्हणजे याचाच खांदा जाम! फ्रोझन शोल्डरच्या पेशंटला निरोगी खांदा दाखवायला मी याच्याकडे आणायचं आणि दोघांची अवस्था सारखीच.

गुडघ्यात बोल्ट आहे. घडी होते, पण हाडांची टोकं उघडी, कूर्चा नाही आणि मधल्या गाद्याही नाहीत. वाटी नुसती चिकटवलेली. परवा एक मावशी वाकून बघत म्हणाल्या, "अगं, माझ्यापेक्षा याच्याच गुडघ्यातलं वंगण संपलंय की!" त्यांना सांगावं लागलं की एक्स-रेत हाडांमध्ये फट दिसते तिथे खरं तर कूर्चा असते, आणि झीज झाली की ती फट वाढत नाही, कमी होते. हे सांगायला मला वेगळं गुडघ्याचं मॉडेल घ्यावं लागलं, लिगामेंट आणि गाद्यांसकट. ते छोटंसं मॉडेल या आख्ख्या सांगाड्यापेक्षा जास्त वेळा हातात येतं.

खोक्यावर '२०६ हाडे' छापलंय. कानातली ६ आणि जिभेच्या मुळाशी असणारं कंठिकास्थी, ही नाहीतच. कवटीची २२ हाडं म्हणजे तीन तुकडे आणि वर रंगवलेले सांधे. असो, कवटीचं झाकण निघतं, जबड्याला स्प्रिंग आहे, आणि पेशंटबरोबर आलेली पोरं त्यावरच खूश असतात. त्यांनी शेकहँड करून करून करंगळीची तार तोडलीय. कटी पुरुषाची आहे, हीसुद्धा माझी तक्रार, कारण बाळंतपणानंतरची कंबरदुखी घेऊन येणाऱ्या बायका रोज येतात.

शाळेच्या प्रयोगशाळेला डोळे झाकून घ्या. क्लिनिकला घेणार असाल तर खोकं दुकानातच उघडायला लावा, लाल गादी कुठल्या मणक्यांमध्ये आहे ते बघा, फरा हलतो का ते हाताने तपासा आणि मगच पैसे द्या. धूळकव्हर किमतीत आहे का तेही विचारा. माझ्याकडून त्याचे वेगळे घेतले.