‘एएफ रिफ्लेक्स ५००’ म्हणून भलतीच मिरर लेन्स माथी मारली: ३५,८५० रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

वापरलेली मिरर टेलिफोटो लेन्स (आत आरसे असलेली, दूरचे टिपणारी लेन्स) इंटरनेटवरील जाहिरात पाहून विकत घेण्याच्या विचारात असलेल्या सर्वांनी, विशेषतः ठाणे आणि नवी मुंबईतील छायाचित्रकारांनी, हे शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे. मिनोल्टाची एएफ रिफ्लेक्स ५०० म्हणून मला भलतीच लेन्स मिळाली आणि माझे एकूण ३५,८५० रुपये गेले. टोकन म्हणून ३,०००, उरलेली किंमत ३१,५००, कुरिअर आणि विम्याच्या नावाखाली ८५०, आणि हाती पडलेली वस्तू नेमकी काय आहे हे जाणकाराकडून तपासून घेण्यासाठी ५००.

टोकन घेऊन गायब होणारे विक्रेते सर्वांना माहीत आहेत. माझ्या बाबतीत वस्तू प्रत्यक्षात पाठवली गेली. ती लेन्सच होती, मिरर लेन्सच होती, ५०० मिलिमीटरची होती आणि तिच्यावर एफ ८ (प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र लहान) असेच लिहिलेले होते. फसवणूक नेमकी या साम्याच्या आड केलेली आहे, आणि या साम्यामुळेच पोलीस, बँक आणि जाहिरातीचे संकेतस्थळ या तिघांनीही मला वाटेला लावले.

‘एवढ्या पैशांत थोडी भर घालून चांगली झूम आली असती’ हे वाक्य मी आता पुरेसे ऐकले आहे, म्हणून हीच लेन्स का हवी होती ते सांगते. मी नेरुळला राहते आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तळवे पाणथळीवर आणि ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगोंचे फोटो काढते. दोन किलोची झूम उचलून धरणे खांद्याच्या दुखण्यामुळे मला शक्य नाही. मिरर लेन्समध्ये प्रकाश मागच्या अंतर्वक्र आरशावर आदळून पुढच्या लहान आरशाकडे परततो आणि तेथून मागच्या आरशाच्या मधल्या छिद्रातून कॅमेऱ्यात शिरतो. वाट अशी दुमडली गेल्यामुळे ५०० मिलिमीटरची लेन्स ओंजळीत मावते. कॉन्ट्रास्ट कमी मिळतो, पार्श्वभूमीतील चमकत्या ठिपक्यांची पोकळ कडी होतात, हे सारे मला मान्य होते. अडचण एकच होती. जुन्या मिरर लेन्स जवळजवळ सगळ्याच हाताने फोकस कराव्या लागतात, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एफ ८ च्या अंधुक व्ह्यूफाइंडरमध्ये तो बारीक फोकस मला साधत नाही. मिनोल्टाने १९८९ मध्ये आणलेली एएफ रिफ्लेक्स ५०० ही एसएलआर कॅमेऱ्यासाठी ऑटोफोकस असलेली मिरर लेन्स होती, २००६ नंतर सोनीने तीच आपल्या नावाने विकली, तिचे वजन ६६५ ग्रॅम आहे आणि माझ्या जुन्या सोनीच्या ए माउंट बॉडीवर (माउंट म्हणजे लेन्स अडकवायची जोडणी, बॉडी म्हणजे लेन्सविना कॅमेरा) ती थेट बसते. तेव्हा मी स्वस्त वस्तूच्या मागे धावले नव्हते. मला चालणारी लेन्सच ही एक होती, आणि ३४,५०० ही किंमत संशय यावा इतकी कमीही नव्हती.

विक्रेत्याने आपण वाशीला राहतो असे सांगितले. तो पहिल्या संदेशापासून मला ‘काकू’ म्हणत होता आणि मामांच्या संग्रहातील सामान विकायला काढले आहे असे म्हणत होता. त्याने लेन्सच्या दर्शनी भागाचा, त्यावरील अक्षरे स्वच्छ वाचता येतील असा फोटो पाठवला आणि तिने काढलेले म्हणून दोन नमुने पाठवले. पहिल्या नमुन्यात उथळ पाण्यातील फ्लेमिंगोंच्या मागे ती पोकळ कडी सर्वत्र पसरलेली होती. ही कडी मधल्या लहान आरशाच्या आडोशामुळेच तयार होतात, साध्या लेन्समधून ती येत नाहीत, त्यामुळे माझी खात्री पटली. पण कडी दिसली म्हणजे लेन्स मिरर आहे एवढेच सिद्ध होते, ती कोणाची आहे हे त्यावरून कळत नाही. काही हजारांत मिळणाऱ्या, निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या हाताने फोकस करायच्या लेन्सही अगदी तशीच कडी उमटवतात. हा फरक कागदावर लिहून भिंतीवर लावा.

दुसरा नमुना मोकळ्या आकाशात उडणाऱ्या फ्लेमिंगोचा होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतील तांत्रिक नोंदी पुसल्या जातात, म्हणून त्याची मूळ फाइल मी ईमेलने मागवली. ही खबरदारी मी घेतली होती, हे मला ठासून सांगायचे आहे, कारण ‘तुम्ही काहीच तपासले नाही का’ असे मला पोलीस ठाण्यात तोंडावर विचारले गेले. फाइल आली तेव्हा मी ठाण्याला जाणाऱ्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये होते आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातील फोनवर ती पाहत होते. कॅमेरा सोनीचा होता; आपण मिररलेस (म्हणजे कॅमेऱ्याच्या आत आरसा नसलेल्या) बॉडीवर अ‍ॅडाप्टर लावून ही लेन्स वापरतो असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. फोकल लेंग्थ (लेन्स किती दूरचे टिपते ते सांगणारा मिलिमीटरचा आकडा) ५०० होती. नजर त्या ५०० वर गेली आणि जीव भांड्यात पडला. त्याच्या शेजारीच अ‍ॅपर्चर लिहिलेले होते: एफ ११.

या लेन्सला अ‍ॅपर्चर लहानमोठे करणाऱ्या पाकळ्याच नसतात. ती कायम एफ ८ च असते. प्रकाश कमी करायचा तर मागच्या खाचेत एनडी फिल्टर घालावा लागतो किंवा शटरचा वेग वाढवावा लागतो. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारे जोडभिंग) लावला तर एफ ११ होईल, पण मग फोकल लेंग्थ ७०० दिसायला हवी. ५०० आणि एफ ११ हे दोन आकडे एकत्र आले, याचा अर्थ तो फोटो सरळसरळ दुसऱ्याच, बहुधा एखाद्या महागड्या झूम लेन्सने काढलेला होता. हे मला शिकवावे लागत नाही, मीच ते इतरांना सांगत आले आहे. तो आकडा मी वाचलासुद्धा होता, आणि ‘ऊन कडक असेल, थोडी बंद केली असेल’ असा विचार येऊन तो गेलाही, कारण वर्षानुवर्षे साध्या लेन्स वापरल्यावर उन्हात एफ ११ पाहून कोणालाच काही खटकत नाही. ती फाइल अजून माझ्या संगणकात आहे. ती उघडली की तो एफ ११ पहिल्यांदा दिसतो आणि फ्लेमिंगो नंतर, आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढचे सगळे ओळखीचे आहे. वाशी स्थानकाबाहेर भेटायचे ठरले, त्यासाठी टोकनचे ३,००० गेले, मग त्याला ‘अचानक पुण्याला जावे लागले’. लेन्स कुरिअरने पाठवतो, हवे तर पार्सल बांधताना व्हिडिओ कॉलवर पाहा, असे त्यानेच सुचवले. कॉलवर मिनोल्टाची खरी लेन्स दिसली, तिच्यावरील अक्षरे दिसली, ती खोक्यात ठेवलेली दिसली. चिकटपट्टी लावायच्या वेळी चित्र गोठले, कॉल तुटला, आणि तो पुन्हा लागला तेव्हा खोके बंद होते. मी ३१,५०० आणि ८५० यूपीआयने पाठवले. चालत्या कॉलमध्ये खोके बंद होऊन त्यावर तुमची सही झाली नसेल, तर तो पुरावा नाही. खोके उघडायला लावा, आणि नकार आला तर तिथेच थांबा.

खोक्यात वर्तमानपत्राच्या बोळ्यांमध्ये एक काळी, बोजड लेन्स होती. तिच्या मागच्या बाजूला मिनोल्टाच्या लेन्सला असणारे, लेन्सला कॅमेऱ्याशी विजेने जोडणारे सोनेरी संपर्कबिंदू नव्हते. होता फक्त टी माउंटचा (लेन्स पेचाने बसवायच्या एका जोडणीचा) आटा आणि सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक एम ४२ ची, म्हणजे दुसऱ्याच पेचाच्या जोडणीची रिंग. टी माउंट आणि एम ४२ या दोन्हींचा व्यास ४२ मिलिमीटरच असतो, परंतु टी माउंटच्या आट्यांतील अंतर ०.७५ मिलिमीटर आणि एम ४२ चे १ मिलिमीटर असते. त्यामुळे ती रिंग थोडी फिरली आणि तिरकी होऊन अडकली. म्हणजे आलेली लेन्सही कोणत्याच कॅमेऱ्याला लावता येणार नाही अशा अवस्थेत पाठवलेली होती. पुढून टॉर्चचा झोत टाकल्यावर मागच्या आरशावर कडेपासून आत पसरत गेलेली बुरशीची पांढरी जाळी स्पष्ट दिसली. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत कोरड्या कपाटाविना ठेवलेल्या लेन्सची हीच गत होते, म्हणून वापरलेली मिरर लेन्स टॉर्चशिवाय पाहूच नये. नौपाड्यातील ज्या कारागिराने ५०० रुपये घेऊन तपासणी केली, त्याने मागचा फिल्टर गायब असल्याचेही दाखवले. अनेक मिरर लेन्समध्ये तो लहानसा फिल्टर प्रकाशीय रचनेचाच भाग असतो आणि त्याच्याविना फोकस सरकतो. तो जागेवर आहे का, हे विचारायला विसरू नका.

मी फोन केल्यावर विक्रेता घाबरला नाही. ‘काकू, चुकून दुसरी लेन्स पॅक झाली, ती परत पाठवा, मी लगेच तुमची पाठवतो,’ असे तो अत्यंत नम्रपणे म्हणाला आणि पुढचे काही दिवस मला त्याच बोलण्यात खेळवत राहिला. यामागे दोन हेतू होते, हे मला आता कळते: माझ्याकडील एकमेव पुरावा परत मिळवणे, आणि पैसे पुढच्या खात्यांत वळवायला वेळ काढणे. मी लेन्स परत पाठवली नाही, आणि तुम्हीही कधी पाठवू नका. मात्र १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला त्यामुळे उशीर झाला, आणि तोवर त्या खात्यात काही उरलेले नव्हते. विक्रेत्याशी वाद घालण्याआधी १९३० ला फोन करा. पैसे गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

यानंतर जे झाले त्याचा मला त्या भामट्याइतकाच संताप आहे. पोलीस ठाण्यात मी अर्ज, बँकेचा उतारा, संभाषणाची चित्रे आणि जाहिरातीतील व हाती आलेल्या अशा दोन्ही लेन्सचे मोठे रंगीत फोटो घेऊन गेले. कर्मचाऱ्याने दोन्ही फोटो शेजारी ठेवले, माझ्याकडे न पाहता सोबत आलेल्या माझ्या भाच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘दोन्हीवर ५००च लिहिलंय ना? लेन्स आली ना मग?’ ऑटोफोकस म्हणजे काय, संपर्कबिंदू नसले की काय होते, एका वस्तूची किंमत दुसरीच्या कितीतरी पट का असते, हे मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. मी बोलत असताना तो दुसऱ्या कोणाचा तरी चहा सांगत होता. मग ‘हा दिवाणी मामला आहे, वकील करा’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला हद्दीचा प्रश्न निघाला: विक्रेता स्वतःला वाशीचा म्हणवतो, पार्सल पुण्याहून निघाले, खाते तिसऱ्याच जिल्ह्यातील शाखेचे, तेव्हा तक्रार ‘तिकडे’ करावी. तिकडे म्हणजे कुठे, हे सांगायला मात्र कोणी तयार नव्हते. पितळ देऊन सोन्याचे पैसे घेणाऱ्याविरुद्ध सराफाने तक्रार केली असती, तर ‘दागिना मिळाला ना’ असे त्याला विचारले असते का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा स्पष्ट दिलेला आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी नोंदवून घ्यायची असते. ही कलमे मी लिहून नेली तेव्हा ‘मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका’ असे ऐकावे लागले. मिळाली ती केवळ अर्जाची शिक्का मारलेली पोच. पोलीस ठाणे दाद देत नसेल, तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. आयुक्तालयाच्या हद्दीत ती उपायुक्तांकडे जाते. ती मी पाठवली आहे, आणि लिहीत आहे तोवर उत्तर नाही. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावर कागद ठेवू नका.

बँकेने सांगितले की पिन मी स्वतः टाकला, व्यवहार माझ्या संमतीने झाला, सबब बँकेचा संबंध नाही. संमती मी मिनोल्टासाठी दिली होती, असे मी लेखी कळवले. उत्तरात तोच मजकूर पुन्हा आला. बँकेकडून तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, म्हणून पहिली तक्रार तोंडी न करता तारखेसह लेखीच करा. जाहिरातीच्या संकेतस्थळाने तर माणूस भेटूच दिला नाही. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असा यंत्राने धाडलेला संदेश आला आणि पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा दुसरा. विक्रेत्याचे खाते चालूच राहिले.

प्रत्यक्ष भेट झाली तर दिवसाउजेडी, आपली बॉडी सोबत नेऊन, लेन्स लावून ऑटोफोकस फिरतो का ते पाहावे आणि फाइलमध्ये ५०० व एफ ८ अशी नोंद आपोआप उमटते का ते तिथेच तपासावे. संपर्कबिंदू नसलेल्या लेन्सची अशी नोंद कॅमेरा आपसूक करू शकत नाही. फोकसची रिंग अनंताच्या खुणेपलीकडे जाते म्हणून घाबरू नये. तापमानाने नळी आणि आरसे किंचित आकसतात व प्रसरतात, त्यासाठी ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. भेट टाळणाऱ्याला एक रुपयाही टोकन देऊ नये.

तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे. किंमत ३२,००० लावली आहे, ठिकाण ऐरोली दाखवले आहे आणि नमुना म्हणून मोकळ्या आकाशातील तोच फ्लेमिंगो आहे. तो फोटो कोणाला दिसला, तर पैसे पाठवू नका, मूळ फाइल मागवा आणि संपूर्ण संभाषण तारीख-वेळेसह जपून ठेवा. उपायुक्तांकडे पाठवलेल्या तक्रारीला जोडण्यासाठी मला ते हवे आहे.