शेल कॉइनचा सेट घेतला आणि पार गंडलो

हे लिहायला जरा लाजच वाटतेय, कारण बरीच वर्षं नाण्यांची जादू करतोय, लोकांना गंडवणं हाच छंद, आणि मीच गंडलो. पण तोच विक्रेता अजून तसंच विकतोय म्हटल्यावर गप्प बसवेना.

मला एक्सपांडेड शेल हवा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेल म्हणजे खरं नाणं एका बाजूने कोरून केलेली पातळ वाटी, तिची कड किंचित फुगवलेली असते म्हणजे दुसरं साधं नाणं आत बसतं आणि दोन्ही मिळून एकच दिसतात (सीक्रेट फोडलं म्हणून जादूवाले चिडतील, चिडू देत, हे कळल्याशिवाय पुढचं कळणारच नाही). यासाठी अमेरिकन हाफ डॉलर फार चालतो, ३०.६ मिमी, तळहातात दाबायला बरोब्बर मापाचा. त्यातही १९६४ चा केनेडी (राष्ट्राध्यक्ष केनेडींचं चित्र असलेला हाफ डॉलर) भाव खातो कारण त्यात ९० टक्के चांदी आहे, १९६५ पासून ती ४० टक्क्यांवर आली आणि १९७१ पासून चलनातल्या नाण्यात चांदी राहिलीच नाही, तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा पत्रा असतो, कड उभी धरून बघितली की लालसर रेघ दिसते.

तर ऑनलाइन एकाकडे सेट दिसला, शेल, चार मॅचिंग नाणी आणि वर एक फोल्डिंग कॉइन (कापून रबराने जोडलेलं, घडी होणारं नाणं), सगळं '१९६४ सिल्व्हर', आणि किंमत नेहमीपेक्षा निम्मी. इथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, कारण शेल हे लेथवर एकेक करत बसायचं काम आहे, चांगला कारागीर महिनोन् महिने वेटिंगला ठेवतो, त्याला निम्म्यात विकायची काय गरज. पण डेमो व्हिडिओ इतका झकास होता की मी विरघळलो. तो म्हणाला वेबसाइटवरून नको, डायरेक्ट पाठवा, मित्राला पाठवल्यासारखं, म्हणजे कमिशन वाचेल. पाठवले.

पार्सल आलं. दिसायला चकाचक, जरा जास्तच चकाचक. साठ वर्षांचं चांदीचं नाणं असं नव्या स्टीलच्या ताटासारखं चमकत नाही हे मला कळत होतं, पण मनाने ऐकायचंच नाही असं ठरवलेलं.

दोनच दिवसांनी घरी मंडळी जमली होती, म्हटलं करून दाखवू. चार नाणी एका हातातून दुसऱ्या हातात जातात तो साधा प्रयोग. तीन गेली, चौथ्याला शेल नाण्यावरून सुटायला हवा तो सुटेचना, अडकून बसला. चांगल्या शेलचं कसं असतं, नाणं आत घालून उलटा केला की नाणं आपल्या वजनाने खाली पडतं, आणि हातात हलवलं तरी आत खुळखुळ नाही, ही दोन्ही एकाच वेळी साधणं हीच तर त्यातली कारागिरी. माझा एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला नखभर फट. घामेजलेल्या बोटांनी मी खटपट करतोय आणि भाचा पुढे वाकून म्हणतो, "मामा, तुझी दोन नाणी चिकटलीयत." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

रात्री वजनकाटा काढला. १९६४ चा एक हाफ डॉलर साडेबारा ग्रॅमचा, म्हणजे चार साधी नाणी ५० च्या आसपास भरायला हवीत, भरली ३७. मग फ्रिजवरचं चुंबक लावलं तर टक्कन चिकटली, चारही. चांदी चिकटत नाही, तांबं-निकेलवालंही चिकटत नाही, म्हणजे आत सरळ लोखंड होतं. भिंग घेऊन बघितलं तर कडेच्या बारीक रेघा मध्येच पुसट होऊन गायब, अक्षरांचे कोपरे साबणासारखे गोल. ओतीव माल! फोल्डिंग कॉइनच्या कापातून तर दिवा दिसत होता, आणि त्याचं रबर दुसऱ्या घडीलाच तुटलं. रबर तुटतं हो, ते वाळतं आणि बदलावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण दुसऱ्या घडीला?

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "मॅग्नेटिक आहे हे फीचर आहे सर, त्याचे वेगळे पैसे घेत नाही." आता मॅग्नेटिक नाणी असतात, आत मुद्दाम लोखंडाची चकती बसवलेली, पण ती तशी सांगून विकतात, आणि शेलसोबतची चारही साधी नाणी कशाला मॅग्नेटिक असतील? रिफंड मागितला तर म्हणे जादूचं सामान परत घेत नाही, सीक्रेट कळलं ना तुम्हाला. हा नियम खरंच बऱ्याच मॅजिक शॉपमध्ये असतो आणि त्याला कारणही आहे, म्हणून तर हा माणूस त्याच्याच आड लपतो. जे दाखवलं तेच दिलं नाही, तर सीक्रेटचा संबंध येतो कुठे. दुसऱ्या मेसेजनंतर ब्लॉक. पेमेंटवाल्यांनीही हात वर केले, मित्राला पाठवलेल्या पैशांवर खरेदीचं संरक्षण नाही म्हणाले.

त्याच्या जाहिरातीतला फोटो मात्र मी नंतर इमेज सर्चमध्ये टाकून बघितला. तोच फोटो एका नावाजलेल्या कारागिराच्या पानावर, कोपऱ्यात त्याचा शिक्का. माझ्याकडच्या फोटोत तो कोपरा कापलेला, पण शेवटच्या अक्षराचा अर्धा पाय राहून गेला होता. खरेदीआधी मी तो फोटो निदान वीस वेळा झूम केला असेन.

पुढचा शेल ओळखीच्या जादूगाराकडून जुना घेतला, हातात धरून, उलटा करून, चुंबक लावून. नकली चार भाच्याने ठेवून घेतलीत. मी पाठ करून बसतो, तो एकदा माझं चांदीचं नाणं टेबलावर टाकतो, एकदा त्याचं, आणि मी ओळखायचं. चांदीचं खण्णकन वाजून लांबत जातं, त्याचं नुसतं टप्प.