ओक्लाहोमा सिटी थंडर: गार्डची फळी आणि अखेरचे पाच

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शाळेच्या बास्केटबॉल संघाला शिकवणाऱ्या प्रत्येकाने एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या 2025 च्या अंतिम मालिकेचे सामने पूर्ण पाहावेत, आणि त्यातही इंडियाना पेसर्सला हरवून विजेता ठरलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडरचे गार्ड (चेंडू हाताळणारे, बाहेरच्या बाजूने खेळणारे खेळाडू) बारकाईने पाहावेत, अशी माझी शिफारस आहे. भारतीय वेळेनुसार हे सामने सकाळी साडेपाच-सहाला सुरू होत. चौथा सामना 14 जूनला, शनिवारी आला. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे शिक्षकांना आणि मुलांना तो थेट पाहणे शक्यच नव्हते. पैसे भरून पूर्ण सामन्याचे चित्रीकरण पाहणे हाच त्यावरचा उपाय. मोजक्या क्षणांची संक्षिप्त आवृत्ती या संघाच्या बाबतीत पुरेशी नाही, कारण तीत झालेले बास्केट दिसतात, आणि थंडरच्या गार्डांचे मोठे काम समोरच्याचे बास्केट होऊ न देण्याचे आहे.

नियमित हंगामात 68 विजय आणि 14 पराभव, शिवाय सरासरी 12.9 गुणांचा फरक, असा या संघाचा हिशेब होता. शे गिल्जस-अलेक्झांडरने सामन्याला सरासरी 32.7 गुण केले आणि तो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु अशा खेळाडूच्या शेजारी कोणाला उभे करायचे, हा प्रश्न प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी ज्या रीतीने सोडवला, त्यात मला अधिक रस आहे. लुगेंट्झ डॉर्ट, केसन वॉलेस आणि अ‍ॅलेक्स करूसो या तिघांपैकी कोणालाही मैदानात आणले, तरी बचावाला भगदाड पडत नाही. पुष्कळ संघांत राखीव गार्ड आला की प्रतिस्पर्धी त्यालाच हेरतात आणि पुन्हा पुन्हा त्याच्यावरच चाल करून जातात. थंडरकडे असा हेरण्याजोगा गार्ड शोधावा लागतो. आयझाया जो आणि अ‍ॅरन विगिन्स हे नेमबाजीसाठी आहेत, आणि दुसऱ्या सामन्यात विगिन्सने 18 गुण करून ते काम चोख बजावले.

करूसोबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. नव्या खेळाडूंच्या 2016 च्या वार्षिक निवडीत त्याला एकाही संघाने घेतले नव्हते, आणि 2024 च्या जूनमध्ये थंडरने जॉश गिडीसारखा तरुण गार्ड शिकागोला देऊन तिशीतला करूसो घेतला. त्या अदलाबदलीचे मोल चौथ्या सामन्यात दिसले. बदली म्हणून येऊन त्याने 20 गुण केले आणि पाच वेळा चेंडू हिसकावला. चित्रीकरण थांबवून त्याचे हात पाहावेत: समोरचा ड्रिबल करत असताना तो चेंडूवर वरून झडप घालत नाही, हात खाली ठेवून चेंडू वर येण्याची वाट पाहतो, आणि तोवर त्याचे पाय हलतच असतात. आमच्या सिमेंटच्या मैदानांवर मुले नेमकी उलट सवय लावून घेतात. पाय थांबतात, हात पुढे जातो आणि पंच शिट्टी वाजवतात.

आता अखेरच्या पाच जणांविषयी, म्हणजे सामन्याच्या शेवटी मैदानात ठेवलेल्या खेळाडूंविषयी. पहिल्या सामन्यात डेग्नॉल्ट यांनी आयझाया हार्टेनस्टाइन या सेंटरऐवजी (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूऐवजी) वॉलेसला सुरुवातीच्या पाचात घेतले. इंडियाना पेसर्सने पहिल्या अर्ध्यात 19 वेळा चेंडू गमावला, तरीही थंडर 111-110 असा हरला. टायरीस हॅलिबर्टनने वॉलेससमोरूनच 0.3 सेकंद उरले असताना शॉट मारला. त्यावरून छोट्या उंचीचा संच चुकीचा होता असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि तो मला पटत नाही. वॉलेसचा बचाव वाईट नव्हता. चौथ्या क्वार्टरमध्ये 15 गुणांची आघाडी हातात असताना संघाचे आक्रमण आटले, तेच पराभवाचे मूळ होते.

चौथ्या सामन्यात सुरुवातीला हार्टेनस्टाइन परतला, पण शेवटी तो बाहेर बसला. 2-1 ने पिछाडीवर असलेला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये सात गुणांनी मागे उतरलेला हा संघ गिल्जस-अलेक्झांडर, डॉर्ट, करूसो, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन या पाच जणांवर सामना काढायला निघाला. चेंडू पुढे आणण्याचे काम बहुतेक वेळा विल्यम्सने केले, आणि संपूर्ण सामना दबाव सोसून दमलेल्या गिल्जस-अलेक्झांडरला त्यामुळे उसंत मिळाली. त्याने शेवटच्या पाच मिनिटांत 15 गुण केले. साऱ्या सामन्यात त्याच्या नावावर 35 गुण होते आणि एकही असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेला पास) नव्हता. एकटा उंच खेळाडू उरलेल्या होल्मग्रेनने 15 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे परत आलेले चेंडू) घेतले. 111-104 हा निकाल या रचनेची पावती आहे, कारण कबड्डीत दोन्ही कोपरारक्षक भरवशाचे असले की मधल्यांना धाडसाने पुढे सरकता येते, तसे बाहेर डॉर्ट आणि करूसो असल्यामुळे होल्मग्रेनला बास्केटखाली निर्धास्त थांबता आले.

या फळीत उणीव आहे, आणि ती तिसऱ्या सामन्यात उघडी पडली. पेसर्सच्या राखीव खेळाडूंनी 49 गुण केले, थंडरच्या राखीव खेळाडूंनी 18. पेसर्सचा राखीव गार्ड टी. जे. मॅककॉनेल याने एकट्याने पाच वेळा चेंडू पळवला. बचाव करणारे गार्ड भरपूर, पण दबावाखाली चेंडू सांभाळून खेळ मांडणारा दुसरा खरा पॉइंट गार्ड नाही, हे दुखणे विजेतेपदाने झाकले गेले असले तरी बरे झालेले नाही. करूसो आणि वॉलेस ती जागा तात्पुरती भरतात. विल्यम्स ती अधिक चांगली भरतो, पण मग त्याची ताकद दोन ठिकाणी वाटली जाते. सातव्या सामन्यातील 103-91 हा विजय मी या मूल्यमापनात फारसा धरत नाही, कारण हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये जायबंदी होऊन बाहेर गेला होता.

जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी संघ बांधणाऱ्यांनी आधी चौथ्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर पाहावा, नंतर तिसरा सामना पूर्ण. आपल्याकडे उंच मुलगा मिळाला की त्याला शेवटपर्यंत खेळवण्याचा आग्रह असतो. आघाडी टिकवायची असेल आणि समोरचा संघ चपळ असेल, तर एका उंच मुलाबरोबर तीन चिवट गार्ड ठेवून पाहायला हरकत नाही. मात्र त्यांपैकी दोघांना तरी डाव्या हाताने चेंडू पुढे नेता आला पाहिजे.