किचनचा डिजिटल काटा: आठ महिने वापरून (केकसाठी नाही, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी)

आधीच सांगते, केक करणाऱ्यांना या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. मार्चमध्ये साडेचारशे रुपयांना ऑनलाइन घेतलेला साधा काटा, 10 किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा, आणि आठ महिन्यांत त्यावर मैदा एकदाही चढलेला नाही. चढते ती बंड्याची वाटी. बंड्या म्हणजे आमचा स्पिट्झ, वय 14, आख्खं भांडुप त्याला पॉमेरियन म्हणतं आणि आम्ही आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

फेब्रुवारीपासून त्याचं खाणं कमी झालं होतं. किती कमी, ते मात्र घरात कोणालाच धड सांगता येईना. आई म्हणायची दोन घास खाल्ले, बाबा म्हणायचे अर्धं तरी संपवलं, आणि मी ऑफिसातून लोकलला लटकत घरी पोचेपर्यंत भांडं घासून पालथं घातलेलं. डॉक्टरांनी विचारलं रोज किती खातो, तर आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग म्हणाले, बरं पाणी किती पितो? ते तर त्याहून कठीण. परत येताना रिक्षातच काटा ऑर्डर केला.

वापरायला काही अक्कल लागत नाही. रिकामं भांडं ठेवून टेअर दाबलं की शून्य, मग जेवण घालायचं, आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा, नंतर उरलेलं मोजून वजा करायचं. पाणी तर अजून सोपं, 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. पहिल्या दिवशी चोवीस तासांत 980 मिली निघालं, म्हटलं सांडलं असेल कोणाच्या तरी पायाने, दुसऱ्या दिवशी 1010. याचं वजन तेव्हा 8.6 किलो. डॉक्टर म्हणाले किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं की ते जास्तच, उकाड्यावर ढकलू नका. रक्त-लघवी तपासली, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते) 2.6, किडनीचा आजार, दुसरी स्टेज. आणि भूक गेली होती ती मळमळीमुळे. समोर वाटी आली की ओठ चाटायचा आणि तोंड फिरवायचा, आम्ही समजत होतो म्हातारपणाचे नखरे!

आईला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. मुक्या जनावराचा घास मोजू नये, नजर लागते, हे मी महिनाभर ऐकलं. पण एप्रिलमध्ये गंमत झाली, कालनिर्णयवर रोज जेमतेम दीडशे ग्रॅम आणि वजन मात्र उतरेना, तेव्हा कळलं की चार वाजता चहाबरोबर आईचं ग्लुकोजचं बिस्किट दोघांत वाटून खाल्लं जातं. त्यात याचं पोट भरायचं आणि किडनीच्या आजारासाठीचं डबाबंद जेवण तसंच पडून राहायचं. भांडण झालं, दोन दिवस अबोला, आता सकाळचे आकडे आईच लिहिते, मराठीत, आणि माझ्यापेक्षा चोख.

काट्यामुळे काय काय कळलं ते सांगते. हे किडनीचं नवीन जेवण मळमळ थांबायच्या आधी सुरू करायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, कारण कुत्रा त्या वासाचा आणि पोटातल्या त्रासाचा संबंध लावतो आणि मग ते कायमचं नको होतं. मी शहाणपणा करून गोळी मात्र दहीभातात लपवली. तीन दिवसांत दहीभात 90 ग्रॅमवरून 12 वर, आणि आजतागायत तो दहीभाताला तोंड लावत नाही, पूर्वी जीव टाकायचा. तेव्हापासून गोळी आणि जेवण वेगळं. कोमट केल्यावर फरक पडतो हेही आकड्यात दिसलं, फ्रिजमधून काढून तसंच ठेवलं तर 30-40, वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की 70 च्या पुढे. म्हाताऱ्या कुत्र्यांचं नाक मंदावतं, थंड अन्नाला वासच येत नाही त्यांना. मायक्रोवेव्ह नको, मधेच एखादा भाग चटका बसेल इतका तापतो. मे महिन्यात दुपारी काहीच खायचा नाही म्हणून मुख्य जेवण रात्री दहाला नेलं. गणपतीत ढोल-ताशे सुरू असताना पाच दिवस आकडे पडले आणि विसर्जनानंतर आपोआप वर आले, लिहिलेलं नसतं तर मी घाबरून दवाखान्यात धावले असते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. पंख्याखाली ठेवलेलं ओलं जेवण वाळतं. मी मुद्दाम न उष्टावलेली वाटी चार तास ठेवून बघितली, 9 ग्रॅम गायब! म्हणजे ते कुत्र्याने नाही, पंख्याने खाल्लं. तसंच वरून घातलेलं पाणी जेवणात मोजून स्वतःची समजूत काढायची नाही.

कुत्र्याचं वजन यावर करू नका, तो उभाच राहत नाही. त्याला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं (आपलं कळतं हा तोटा). दर रविवारी करते. मागच्या वर्षी 9.4 होता, खाली आला तो 8.2 पर्यंत, पाठीचा कणा हाताला लागायचा, आता 8.5 वर टिकलाय.

आता काट्याच्या तक्रारी. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो आणि टेअर विसरतो, त्यामुळे रिकाम्या भांड्याचं वजन (आमचं 212) मार्करने भांड्याच्या बुडाला लिहून ठेवलंय. टेअरच्या शेजारीच युनिटचं बटण आहे, बाबांनी एकदा ते दाबलं आणि दोन दिवस आऊन्समध्ये आकडे लिहिले, बंड्या 3 ग्रॅमवर जगतोय म्हणून मी ऑफिसातून फोनवर फोन. पावसाळ्यात दमटपणाने स्क्रीन धुरकट झाली होती, ऑगस्टभर आकडा तिरका बघून वाचला. सेल चार महिन्यांनी बदलले. लाइट नाही, रात्री किचनमध्ये मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो, घेणार असाल तर शंभर रुपये जास्त गेले तरी लाइटवाला घ्या. पाचपैकी चार देते.

आणि अख्खा दिवस आकडा शून्य आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजत बसू नका, डॉक्टरला फोन करा. आमच्याकडे जुलैत तसं झालं होतं, सलाईनवर निभावलं.